चषक घरी आला, हक्क वेशीवरच

‘आधी जिंकून दाखवा, मग मागा.’ बायकांना हे वाक्य घरात, कचेरीत, संघटनेत आणि मैदानावर सारखेच ऐकवले जाते. मुलगी शिकू म्हणाली की, आधी पहिली ये, मग कॉलेजचे बघू. बाई कामावर लागली की, आधी काम दाखव, मग पगाराचे बोलू. खेळणाऱ्या मुलींना तर हे बाळकडूच दिले जाते. आधी पदके आणा, प्रेक्षक आणा, नाव कमवा. मानधन, नोकरी, बाळंतपणाची रजा या गोष्टी मागाहून आपोआप येतील. म्हणजे हक्क ही बक्षिसासारखी वाटायची वस्तू झाली, आणि बक्षीस वाटणारा कोण हे आधीच ठरलेले!

या वाक्याचा खरेखोटेपणा तपासायचा असेल तर बायकांनी जिथे खरोखरच सगळे जिंकून दाखवले आहे अशी जागा शोधली पाहिजे. अशी एक जागा म्हणजे युरोपातले महिला हँडबॉल. त्यातला एकच हंगाम मी इथे घेते आहे, २०२०-२१ चा. त्या हंगामात क्लबांचे दोन मोठे युरोपीय चषक दोन संघांनी जिंकले. पुढच्या चार वर्षांत त्या दोन्ही संघांतल्या खेळाडूंच्या वाट्याला काय आले, हे पाहिले की वरच्या वाक्यातली लबाडी उघडी पडते.

मी क्रीडा समीक्षक नाही. माझे काम असंघटित कामगार बायकांबरोबर आहे. त्यामुळे गोल किती झाले याच्या आधी करारात काय लिहिले आहे, पगार कोण देतो, आणि बाई गरोदर राहिली तर काय होते, हेच मला आधी विचारावेसे वाटते. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर हे प्रश्न क्वचितच छापले जातात.

हा खेळ कालचा नाही

हँडबॉल आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या आणि पोलीस दलांच्या स्पर्धांपलीकडे फारसा परिचित नाही. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू, तीस मिनिटांचे दोन डाव, बंदिस्त सभागृह. चेंडू हाताने फेकून गोल करायचा. अंगाला अंग भिडवून अडवणे हा खेळाचाच भाग. गुडघे, खांदे, बोटे यांची किंमत देऊन खेळायचा असा हा खेळ आहे. नाजूकपणाचे जे कौतुक बायकांच्या वाट्याला येते त्याला इथे काडीचीही जागा नाही.

‘बायकांचा खेळ अजून नवा आहे, थोडा धीर धरा,’ असे महिला फुटबॉलबद्दल नेहमी सांगतात. युरोपात पुरुषांच्या फुटबॉल क्लबांचा चषक १९५५ साली सुरू झाला आणि बायकांचा २००१ साली. शेहेचाळीस वर्षे धीर धरायला लावून वर पुन्हा ‘नवा आहे’ म्हणायचे! हँडबॉलमध्ये ही सबबसुद्धा चालत नाही. तिथे पुरुषांचा क्लब चषक १९५६-५७ च्या हंगामात सुरू झाला आणि बायकांचा १९६०-६१ मध्ये. पहिला चषक बुखारेस्टच्या संघाने नेला. पुढे कीव्हच्या स्पार्टाक संघातल्या बायकांनी हा चषक तेरा वेळा जिंकला. ऑस्ट्रियाच्या हिपो निडरऑस्टराइख या संघाने आठ वेळा जिंकला. १९९३ पासून या स्पर्धेला चॅम्पियन्स लीग म्हणतात. म्हणजे साठ वर्षे बायका तिथे खेळताहेत आणि लोक तिकीट काढून पाहताहेत. नवेपणाचा मुद्दा इथे निकालात निघतो.

मे २०२१

आधीचा, म्हणजे २०१९-२० चा हंगाम कोरोनाच्या साथीत अर्धवट सोडावा लागला होता. त्या वर्षी विजेता कोणीच नाही. पुढच्या हंगामात सोळा संघ आठ-आठच्या दोन गटांत उतरले. अनेक सामने रिकाम्या सभागृहांत झाले. सारखी नाकात काडी घालून तपासणी, विलगीकरण, बंद सीमा, अशा अवस्थेत या बायका शरद ऋतूपासून उन्हाळ्यापर्यंत खेळत राहिल्या. दुसऱ्या क्रमांकाच्या चषकाचे नाव त्याच हंगामापासून युरोपियन लीग झाले.

मे महिन्यात रुमानियातल्या बाया मारे या गावी युरोपियन लीगची अंतिम फेरी झाली. हंगेरीच्या शिओफोक संघाला हरवून फ्रान्सच्या नाँत शहराच्या संघाने चषक जिंकला. महिन्याच्या अखेरीस बुडापेस्टला चॅम्पियन्स लीगचे शेवटचे चार संघ जमले. त्यात हंगेरीचा ग्योर हा संघ होता. जानेवारी २०१८ पासून, म्हणजे सलग पंचावन्न सामन्यांत, या स्पर्धेत त्यांना कोणी हरवू शकले नव्हते. फ्रान्सच्या ब्रेस्त संघाने त्यांच्याशी बरोबरी साधली आणि पेनल्टी फेकींवर त्यांना बाहेर काढले. दुसऱ्या बाजूने नॉर्वेच्या क्रिस्तियानसान शहराचा व्हायपर्स संघ मॉस्कोच्या सीएसकेएला हरवून पुढे आला, आणि अंतिम सामन्यात ब्रेस्तला ३४-२८ असे हरवून त्याने पहिल्यांदा युरोपचा चषक उचलला.

त्या दिवशी व्हायपर्सची गोलरक्षक होती काट्रीन लुन्डे. वय एक्केचाळीस, एका लहान मुलीची आई. डेन्मार्कच्या व्हिबोर्ग संघाकडून दोनदा आणि ग्योरकडून दोनदा तिने हा चषक आधीच जिंकला होता. हा पाचवा. बाई तिशी ओलांडली की संपली, मूल झाले की संपली, असे समजणाऱ्यांनी हा एकच सामना पाहिला असता तरी पुरे होते.

जिंकून दाखवा म्हणत होता ना? हे घ्या, दाखवले.

पहिला विजेता: तीन चषक आणि दिवाळे

व्हायपर्स तेवढ्यावर थांबल्या नाहीत. २०२२ साली अंतिम सामन्यात ग्योरला हरवून आणि २०२३ साली बुडापेस्टच्याच फेरेन्त्स्वारोशला हरवून त्यांनी सलग तिसऱ्यांदा चषक नेला. २०२३ चा तो सामना बुडापेस्टच्या नव्या सभागृहात वीस हजारांच्या आसपास प्रेक्षकांपुढे झाला. बायकांच्या सामन्याला लोक येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आणि मग? जानेवारी २०२४ मध्ये क्लब पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात आला. ऐनवेळी पैसे उभे राहिले आणि त्या वेळी निभावले. बरोबर एका वर्षाने, जानेवारी २०२५ मध्ये, क्लबने दिवाळे जाहीर केले. चॅम्पियन्स लीगचा हंगाम अर्ध्यावर आलेला होता. युरोपच्या तीन वेळच्या विजेत्यांना भर हंगामात स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. शेवटचा चषक उचलल्याला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

खेळाडूंना ऐन थंडीत नवा क्लब, नवे घर, कोणाला नवा देश शोधत फिरावे लागले. सात वेळा युरोप जिंकलेली लुन्डे चव्वेचाळिसाव्या वर्षी डेन्मार्कच्या ओडेन्स संघात गेली. तिचे नाव मोठे होते, तिला जागा मिळाली. पण प्रत्येक संघात राखीव बाकावर बसणाऱ्या मुली असतात, नुकत्याच दुखापतीतून उठलेल्या असतात, शिक्षण सोडून खेळात आलेल्या असतात. क्लब बुडतो तेव्हा त्यांचे काय होते याची बातमी कोणी देत नाही. कारखाना बंद पडला की मुकादमाची सोय आधी लागते आणि हंगामी बाई फाटकाबाहेर उभी राहते. आपल्या ओळखीची गोष्ट आहे ही.

‘खर्च जास्त केला, उत्पन्न कमी होते, दुसरे काय होणार?’ असे उत्तर व्यवहारी मंडळी देतील. हिशेब बरोबर आहे. पण तो मांडला कोणी? किती करार करायचे, किती पैसे येतील असे गृहीत धरायचे, प्रायोजकाने हात आखडला तर काय करायचे, हे ज्या टेबलावर ठरते तिथे खेळणाऱ्या बाईला खुर्ची नसते. तोटा मात्र तिच्या पगारातून वळता होतो.

हे एका क्लबपुरतेही नाही. रुमानियात रम्निकू व्हल्चा या गावी ओल्टकिम नावाचा रासायनिक कारखाना होता आणि त्याच नावाचा महिला हँडबॉल संघ होता. २०१० साली हा संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. २०१३ साली उपांत्य फेरीत होता. त्याच वर्षी कारखाना आर्थिक अडचणीत सापडला, त्याने हात काढून घेतला आणि उन्हाळ्यात संघ मोडला. खेळाडू चहूकडे पांगल्या. गावाला दुसऱ्या नावाने नवा संघ उभा करावा लागला.

या संघांच्या नावांकडे एकदा नीट पाहा. ओल्टकिम हे कारखान्याचे नाव. हिपो हे बँकेचे. ग्योरच्या नावात ऑडी या मोटार कंपनीचे नाव जोडलेले. लग्न झाले की बाईने नवऱ्याचे आडनाव लावायचे आणि त्याने टाकले की नावासकट घराबाहेर पडायचे, हा न्याय इथेही चालू आहे. नाव देणारा पोसतो तोवर संघ. त्याच्या मनातून उतरले की तेरा चषक असोत की तीन, संघ उघड्यावर.

कोणी म्हणेल, पुरुषांचे क्लबही बुडतात. खरे आहे. जर्मनीतल्या हँबुर्ग शहराच्या पुरुष संघाने २०१३ साली चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २०१६ च्या सुरुवातीला तो क्लब दिवाळखोरीत निघून लीगमधून बाहेर पडला. पण यातून निघते काय? बायकांनी गप्प बसावे, हे खचितच निघत नाही. खेळाडू पुरुष असो की बाई, मालकाच्या मर्जीवर चालणारा रोजगार हा कच्चाच असतो, एवढे निघते. म्हणून ‘पुरुषांइतके द्या’ एवढ्यावर आपली मागणी थांबून चालणार नाही. पुरुषांच्या गळक्या छपराखाली अर्धी जागा मागण्यापेक्षा छप्पर शाकारून घेण्याची मागणी करावी लागेल. आणि बायकांच्या बाबतीत या कच्चेपणावर आणखी एक गोष्ट चढते, जी पुरुषाला कधीच सोसावी लागत नाही. ती दुसऱ्या विजेत्याच्या कथेत आहे.

दुसरा विजेता: चषक आणि गर्भचाचणी

नाँतच्या मुलींनी मे २०२१ मध्ये युरोपियन लीग जिंकली. त्यानंतर नऊ महिनेही उलटले नव्हते. जानेवारी २०२२ च्या अखेरीस फ्रान्समधल्या हँडबॉल खेळाडूंच्या संघटनेने एक गोष्ट उघड केली. एकाच संघातल्या तेरा खेळाडूंची, त्यांना न सांगता, त्यांची संमती न घेता, वैद्यकीय तपासणीच्या निमित्ताने गर्भचाचणी करण्यात आली होती. तो संघ नाँतचा होता.

तेरा जणी. म्हणजे जवळजवळ सबंध संघ. युरोपचा चषक जिंकून आणलेल्या प्रौढ, कमावत्या बायका. त्यांच्या शरीरात काय चालले आहे हे त्यांच्या आधी दुसऱ्यांनी जाणून घ्यायचे, आणि त्यांनी ते मागाहून कळून घ्यायचे!

‘हे त्यांच्याच आरोग्यासाठी,’ हा युक्तिवाद अशा वेळी लगेच पुढे येतो. आरोग्यासाठी असेल तर विचारायला काय हरकत होती? गरोदरपणात एवढा धक्काबुक्कीचा खेळ खेळावा की नाही, हा प्रश्न वैद्यकीय आहेच. पण तो त्या बाईने आणि तिच्या डॉक्टरने मिळून सोडवायचा असतो. तिच्या पाठीमागे काढलेले उत्तर कोणाच्या उपयोगाचे? करार वाढवायचा की नाही, तिला पुढच्या सामन्यात धरायचे की नाही, हे ज्याला ठरवायचे आहे त्याच्या. फ्रान्सचा कामगार कायदा याबाबत स्पष्ट आहे. बाई गरोदर आहे का याची माहिती मालकाने शोधत फिरायची नाही. कायदा आहे, चषक आहे, कीर्ती आहे. तरीही तेरा जणींच्या बाबतीत हे घडले.

ही बाब आपल्याला नवखी वाटायला नको. एअर इंडियाच्या हवाई सेविकांना पहिल्या गरोदरपणातच नोकरीतून काढण्याचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९८१ साली, नर्गिस मिर्झा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात रद्द केला. नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न करायचे नाही, हा नियम मात्र त्याच निकालाने कायम ठेवला! पुढे आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या नमुन्यात बायकांना मासिक पाळीच्या तारखा आणि गरोदरपण विचारणारे रकाने होते. ती माहिती दडवली म्हणून बाळंतपणानंतर एका प्रशिक्षणार्थी बाईला कामावरून कमी केले. ती न्यायालयात गेली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला कामावर परत घ्यायला लावले आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. मुंबईचे विमान, दिल्लीची विमा कचेरी, नाँतचे क्रीडासभागृह, सगळीकडे मालकाला बाईचे श्रम हवे असतात आणि तिच्या गर्भाशयाचा हिशेबही आपल्या वहीत ठेवायचा असतो.

पण नाँतच्या गोष्टीत एक दुवा असा आहे की तो हातचा सुटता कामा नये. हे प्रकरण बाहेर आले कसे? चषकामुळे नव्हे. त्या मुलींची संघटना होती म्हणून. मार्च २०२१ मध्ये, चषक जिंकण्याच्या दोन महिने आधी, फ्रान्समधल्या महिला हँडबॉलच्या क्लबांची संघटना आणि खेळाडूंची संघटना यांच्यात सामूहिक करार झाला होता. त्या देशात व्यावसायिक महिला सांघिक खेळात असा करार पहिल्यांदाच होत होता. खेळाडू गरोदर राहिली तर एक वर्षापर्यंत तिचा पगार चालू राहील, अशी हमी त्यात होती. म्हणजे बाळंतपण ही क्लबच्या डोळ्यांत खुपणारी भानगड न राहता कागदावर मान्य झालेली बाब झाली.

करार झाला म्हणून लगेच सगळ्यांची वागणूक सुधारली नाही, हे आपण पाहिलेच. पण करार करून घेणारी संघटना उभी होती, म्हणून तेरा जणींना एकेकटीने तोंड उघडावे लागले नाही. एकेकटीने बोलणाऱ्या खेळाडूला पुढच्या हंगामात कोण घेतो? संघटनेने जाहीर केले, वर्तमानपत्रांना छापावे लागले, उत्तरे द्यावी लागली. चषकाने त्यांना जे संरक्षण दिले नाही त्याची सुरुवात तरी संघटनेने करून दिली.

कपड्यांचा दंड

त्याच हंगामाच्या शेपटाला आणखी एक प्रकार घडला. तो क्लब चषकातला नाही, पण चषक भरवणाऱ्या त्याच युरोपीय महासंघाच्या कारभारातला आहे, म्हणून इथे सांगायलाच हवा.

हँडबॉलचा एक प्रकार समुद्रकिनारी वाळूत खेळतात. जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातल्या वार्ना या ठिकाणी त्याच्या युरोपीय स्पर्धा होत्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुरुषांनी मांडीपर्यंतची चड्डी घालायची आणि बायकांनी बिकिनी. बिकिनीच्या तळकपड्याची बाजूची रुंदी दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, इतके बारकाईने लिहिलेले होते! नॉर्वेच्या मुलींनी स्पेनविरुद्धच्या सामन्यात साध्या चड्ड्या घातल्या. महासंघाने त्यांना पंधराशे युरो दंड केला, दर डोई दीडशे. कारण काय, तर पोशाख अयोग्य.

आपल्याकडे मुलीच्या चड्डीची लांबी कमी आहे म्हणून तिला मैदानावर जाऊ देत नाहीत. तिकडे लांबी जास्त आहे म्हणून दंड करतात. एकीकडे झाकायची सक्ती आणि दुसरीकडे उघडे टाकायची. दोन्ही ठिकाणी टेप मात्र दुसऱ्याच्याच हातात! खेळायला सोयीचे काय, लाज कशाची वाटते, पाळीच्या दिवसांत काय घालावेसे वाटते, हे त्या मुलींना कोणी विचारले नाही. ‘पाश्चात्त्य बाई उघडी फिरते म्हणजे ती मुक्त’ असे मानणाऱ्यांनी आणि ‘तिकडच्या बायकांना लाज नाही’ असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हा दंड नीट वाचावा.

पुढे काय झाले तेही महत्त्वाचे आहे. सगळा संघ एकाच वेळी चड्डी घालून उतरला होता. एकीलाच बाजूला काढून धाक घालायची सोय महासंघाला उरली नाही. नॉर्वेच्या राष्ट्रीय संघटनेने खेळाडूंची बाजू घेतली. देशोदेशींच्या बायकांनी निषेध केला, उत्तर युरोपातल्या पाच देशांच्या मंत्र्यांनी पत्र लिहिले. काही महिन्यांतच आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला आणि १ जानेवारी २०२२ पासून बायकांना आखूड, अंगाबरोबरच्या चड्डीची मुभा मिळाली. त्यातही ‘अंगाबरोबर’ हा शब्द उरलाच आहे. तरी जो नियम अनेक वर्षे हलला नव्हता तो एका सांघिक नकाराने चार महिन्यांत हलला.

‘आधी जिंका’ चा खरा अर्थ

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. व्हायपर्सनी तीन चषक जिंकले, पण पगाराची शाश्वती मिळाली नाही. नाँतने चषक जिंकला, पण स्वतःच्या शरीरावरचा हक्क शाबूत राहिला नाही. बाळंतपणात पगाराची हमी मिळाली ती वाटाघाटींनी. कपड्याचा नियम बदलला तो नियम मोडल्याने. ‘आधी जिंका, मग मागा’ या वाक्यात मागण्याचा दिवस कधीच उगवत नाही. एक जिंकलात की दुसरे जिंकायला सांगतात. एकदा दहा हजार प्रेक्षक, मग वीस हजार. तोवर त्या पिढीच्या मुलींचे गुडघे झिजून गेलेले असतात, आणि नवी पिढी पुन्हा पहिल्या अटीपासून सुरुवात करते.

हे लांबच्या युरोपाचे वाटत असेल तर आपल्या घरच्या कबड्डीकडे पाहा. आपल्या मुलींनी २०१२ साली पाटण्याला महिला कबड्डीचा विश्वचषक जिंकला. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली, ती पुरुषांची. बायकांसाठी २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा त्याच्या जोडीला घेतली. आपली मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्यातल्या एका संघाची कर्णधार होती. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही, आणि त्यानंतरही झाली नाही. पुरुषांची लीग मात्र वर्षानुवर्षे चालू राहिली. इथे मुलींनी आधी जिंकले होते की नाही? जिंकलेच होते. विश्वचषक आधी आणि स्पर्धा नंतर. मग अट पाळूनही वचन कोणी मोडले?

आपल्याकडेही मुलींच्या लीगची घोषणा होते तेव्हा आपण हुरळून जातो. रंगीत कपडे, दिव्यांचा झगमगाट, दूरदर्शनवर आपली पोर! आनंद व्हावा अशीच गोष्ट आहे ती. मी त्या आनंदावर पाणी ओतत नाही. पण पहिल्याच दिवशी काही प्रश्न विचारायला हवेत: पगार किती महिन्यांचा? लीग बंद पडली तर उरलेले पैसे कोण देणार? दुखापतीचा खर्च कोणाचा? गरोदर राहिली तर कराराचे काय? तपासणीचे कागद कोणाच्या कपाटात राहणार? मुलींना हे विचारायला आपण शिकवले नाही, तर व्हायपर्सची गत व्हायला त्यांना तीन चषकांपर्यंत वाट पाहावी लागणार नाही.

आम्ही काय मागतो

युरोपातल्या त्या हंगामाने ज्या मागण्या स्वच्छ करून ठेवल्या आहेत त्या अशा:

एक, ज्या क्लबला चषकात उतरायचे आहे त्याने खेळाडूंचा संपूर्ण हंगामाचा पगार आधी बाजूला ठेवल्याचा पुरावा द्यावा. क्लब बुडाला तरी पगार बुडू नये.

दोन, बाळंतपणात पगार आणि नंतर संघात परतण्याचा हक्क ही एका देशाच्या करारातली सवलत न राहता स्पर्धेत भाग घेण्याची अट व्हावी.

तीन, खेळाडूला न विचारता केलेली गर्भचाचणी हा गुन्हा मानावा. तपासणीचे कागद खेळाडूच्या मालकीचे असावेत.

चार, काय घालून खेळायचे याचा नियम जिला ते घालायचे आहे तिच्याशी बोलल्याशिवाय होऊ नये.

पाच, या सगळ्यासाठी जिथे निर्णय होतात तिथे खेळाडूंच्या संघटनेचे निवडून दिलेले प्रतिनिधी बसावेत. शोभेची एक माजी खेळाडू नेमून भागणार नाही.

या मागण्यांत चैनीचे काय आहे? गिरणीतल्या बाईने, विडी वळणाऱ्या बाईने, हवाई सेविकेने वेगवेगळ्या काळात हेच मागितले. खेळणारी बाई ही कामगार आहे, एवढे मान्य केले की बाकीचे सगळे ओघाने येते. ते मान्य होऊ नये म्हणून तर तिला कधी देशाची लेक म्हणतात, कधी वाघीण म्हणतात, कधी आदर्श माता म्हणून तिचा फोटो छापतात. लेकीला आणि वाघिणीला पगाराची पावती द्यावी लागत नाही.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या पुष्कळजणी मुलींना मैदानावर आणण्यासाठी झगडल्या आहेत. बापाशी भांडून, मास्तरांशी भांडून पोरींना खेळायला पाठवणे हे काम अजून संपलेले नाही. पण मैदानावर पाठवताना तिच्या पिशवीत बूट आणि पाण्याच्या बाटलीबरोबर तिच्या कराराची प्रतही हवी, आणि ती वाचून दाखवायला, अडचणीत तिच्या बाजूने उभे राहायला संघटना हवी. मुली जिंकतातच. त्यासाठी त्यांना आपल्या उपदेशाची गरज नाही. जिंकण्याआधी, हरल्यावर, गरोदरपणात, दुखापतीत आणि क्लबला कुलूप लागल्यावरही हक्क शाबूत राहतील अशी बांधणी करणे हे आपले काम आहे. त्याची सुरुवात आपल्या तालुक्याच्या क्रीडासंकुलात उद्याही करता येईल.